साक्ष ऐकणाऱ्याची जबाबदारी

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पुस्तके फारशी फिरत नाहीत. फिरतात ती परिपत्रके, निकालपत्रके आणि कुणाच्या घरच्या दावतीची आमंत्रणे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही गेली बारा वर्षे उर्दू आणि इतिहास शिकवतो. या बारा वर्षांत एखादे इंग्रजी पुस्तक चार-पाच सहकाऱ्यांच्या हातांतून गेल्याचे आम्ही एकदाच पाहिले. सकाळच्या शाळेचे दिवस होते. अकरा वाजता शाळा सुटली तरी उन्हामुळे लगेच घरी निघवत नसे. त्या मधल्या वेळेत टारा वेस्टओव्हर या अमेरिकन लेखिकेचे 'एज्युकेटेड' हे आत्मकथन आमच्यात वाचले गेले. ज्यांना इंग्रजी जड जात होते त्यांनी ते दुसऱ्यांच्या तोंडून, आपल्या दखनीत ऐकले.

पुस्तक संपल्यावर जे बोलणे झाले, ते आजही आमच्या डोक्यातून जात नाही. वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या बाजी म्हणाल्या, "आईबापाच्या घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर आणायची? औलाद को ये शोभा देता क्या?" गणिताच्या सरांनी विचारले, "हे सगळे खरे कशावरून? लहानपणचे इतके बारीकसारीक कुणाला आठवते?" एक तरुण सहकारी खूश होऊन म्हणाले, "बघा, अमेरिकेतही असे लोक आहेत, आणि मागासलेले म्हणतात आपल्याला." चौथ्या बाईंनी विषय संपवला, "काही म्हणा, पोरगी हिमतीची. शेवटी केंब्रिजला पोहोचली ना!"

आम्ही चौघांच्याही बोलण्यावर मान हलवली. नंतर मात्र असे जाणवू लागले की या चारही प्रतिक्रिया दिसायला वेगवेगळ्या असल्या तरी काम एकच करतात. पुस्तकातले ते घर त्या आपल्यापासून दूर नेऊन ठेवतात. एखादा माणूस आपल्या कठोर, कोंडलेल्या बालपणाची साक्ष देतो तेव्हा ऐकणाऱ्यावर काही जबाबदारी येते की नाही, आणि येत असेल तर ती कोणती, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी पुस्तकाविषयी. टारा वेस्टओव्हर यांचा जन्म १९८६ साली अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान वस्तीजवळ झाला. सात भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वडिलांचे भंगाराचे काम होते. सरकार, शाळा, दवाखाना, विमा या सगळ्यांवर त्यांचा अविश्वास. जगाचा अंत जवळ आला आहे अशी त्यांची श्रद्धा असल्याने घरात धान्य, फळांच्या बरण्या आणि इंधन साठवले जाई. आई सुईणीचे काम करी आणि वनस्पतींची औषधे बनवी. टारा यांना नऊ वर्षांच्या होईपर्यंत जन्माचा दाखला नव्हता. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. भंगाराच्या आवारात मुलांना जखमा होत, भाजत, हाडे मोडत, आणि उपचार बहुधा घरच्या मलमांनीच होत. एक मोठा भाऊ त्यांना केस धरून फरफटत नेई, मनगट पिरगाळी, आणि घरातली माणसे ते थट्टामस्करीत घालवीत.

दुसऱ्या एका भावाच्या सांगण्यावरून त्यांनी स्वतःच बीजगणित शिकून प्रवेश परीक्षा दिली. सतराव्या वर्षी युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात त्या पहिल्यांदा वर्गात बसल्या. तिथे एका तासाला 'होलोकॉस्ट' हा शब्द पुढे आला. त्यांनी हात वर करून त्याचा अर्थ विचारला आणि वर्ग गप्प झाला. त्या चेष्टा करत आहेत असे लोकांना वाटले. प्रत्यक्षात तो शब्द त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. इतिहास शिकवणाऱ्याला हा प्रसंग विसरता येत नाही. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या आणि २०१४ साली इतिहासात डॉक्टरेट झाल्या. कुटुंब आणि समाज यांचे नैतिक नाते १९ व्या शतकातील विचारवंतांनी कसे मांडले, हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. भावाच्या मारहाणीविषयी त्यांनी घरात तोंड उघडले तेव्हा आईवडिलांनी ते मान्य केले नाही. आधी दुजोरा देणाऱ्या बहिणीनेही शब्द मागे घेतला. घर दुभंगले. आईवडील आणि निम्मी भावंडे त्यांना दुरावली.

२०१८ च्या फेब्रुवारीत पुस्तक निघाले आणि लाखो लोकांनी ते वाचले. बराक ओबामा यांनी आपल्या वाचनाच्या यादीत ते घातले, बिल गेट्स यांनी शिफारस केली. दुसऱ्या बाजूने आईवडिलांच्या वकिलांनी पुस्तकातील चित्र जाहीरपणे नाकारले. एका भावाने बरेचसे खरे असल्याचे सांगून काही बाबतींत आपला अनुभव वेगळा असल्याचे नोंदवले. २०२० साली आई लारी वेस्टओव्हर यांनी 'एज्युकेटिंग' हे स्वतःचे पुस्तक काढून घरच्या शिक्षणाची आपली बाजू मांडली. म्हणजे आमच्या स्टाफरूममध्ये जे झाले, तेच मोठ्या प्रमाणावर जगात झाले होते.

आता गणिताच्या सरांचा प्रश्न घेऊ. खरे कशावरून? हा प्रश्न गैर आहे असे आम्हांला वाटत नाही. जो माणूस समोर नाही, ज्याला त्याच पानावर उत्तर देता येत नाही, त्याच्यावर आरोप होत असेल तर शंका घेणे हा न्यायाचाच भाग आहे. कुणावर तोहमत घेणे हे किती मोठे पाप आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. आईने लिहिलेले पुस्तकही वाचण्याजोगे आहे. ज्याने एकच बाजू ऐकली त्याने निकाल देऊ नये.

पण शंका दोन प्रकारची असते. एक शंका ऐकण्यासाठी घेतली जाते. तिला तपशील हवे असतात, ती पुन्हा पान उलटून बघते. दुसरी ऐकणे टाळण्यासाठी घेतली जाते, आणि एकदा 'कोण जाणे खरे की खोटे' असे म्हटले की तिचे काम संपते. या पुस्तकाच्या लेखिकेने पहिल्या शंकेला स्वतःहून जागा दिली आहे. एका भावाला भाजले त्या दिवशी घरी नेमके कोण होते, दुसरा भाऊ उंचावरून पडला तेव्हा नेमके काय घडले, याविषयी भावंडांच्या आठवणी जुळत नाहीत. हे त्यांनी लपवले नाही. तळटीपा आणि शेवटच्या नोंदी देऊन सांगितले. त्या लहानपणापासून रोजनिशी लिहीत. भावाने मनगट पिरगाळल्याच्या एका प्रसंगाच्या दोन नोंदी त्यांच्या वहीत आहेत. एकीत जे घडले ते आहे, दुसरीत हा आपलाच गैरसमज असावा अशी स्वतःची समजूत घातलेली आहे. दोन्ही नोंदी त्यांनी राहू दिल्या. मार खाणारे लेकरू आपल्याच आठवणीवर किती अविश्वास ठेवायला शिकते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? 'इथे मला नक्की आठवत नाही' असे म्हणणारा साक्षीदार आम्हांला अधिक भरवशाचा वाटतो. शाळेत भांडण सोडवताना हेच दिसते. ज्या मुलाची कहाणी कुठेही अडखळत नाही, त्याच्याकडे आम्ही जरा निरखून बघतो.

आणि वाचक हा काझी नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. काझीला शिक्षा ठरवायची असते, म्हणून त्याला निकाल द्यावाच लागतो. वाचकाच्या हाती कुणाला तुरुंगात पाठवणे नसते. आयडाहोतल्या त्या बापाचे काय करायचे, हे आपल्याला कुणी विचारलेले नाही. आपल्याला एवढेच विचारले जात आहे की, हे ऐकल्यानंतर तुम्ही काय करणार?

बाजींचा प्रश्न याहून अवघड आहे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या मनात तोच आधी येईल. आईबापांसमोर 'उफ्' सुद्धा काढू नये, ही शिकवण सूरह बनी इस्राईलमधून आपल्यात रुजली आहे. गीबत हे मेलेल्या भावाचे मांस खाण्यासारखे आहे, हेही आपण जाणतो. मग बापाच्या वेडेपणाचे आणि भावाच्या क्रौर्याचे वर्णन जगभर छापणे योग्य कसे?

आम्ही या प्रश्नावर पुष्कळ दिवस घालवले. आपल्याच परंपरेत याचे दुसरे टोकही आहे आणि ते क्वचितच सांगितले जाते. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीचा आशय असा आहे की न्यायासाठी साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध का असेना. त्याच सूरहच्या १४८ व्या आयतीत वाईट गोष्ट उघड बोलणे नापसंत ठरवताना ज्याच्यावर जुलूम झाला त्याला अपवाद केलेले आहे. इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये गीबत कोणत्या प्रसंगी क्षम्य ठरते हे सांगताना सुरुवात पीडिताच्या तक्रारीपासूनच केली आहे. आम्ही आलिम नाही. फतवा देण्याची आमची पात्रताही नाही. पण एक शिक्षक म्हणून एवढे कळते की आईबापाचा आदर आणि जुलमाविषयी मौन या दोन गोष्टी एक नव्हेत. आपण त्या एक करून टाकल्या, कारण त्यात मोठ्यांची सोय होती.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा त्यांच्याच समाजातल्या काही शिकलेल्या माणसांना आपली अब्रू उघड्यावर आणल्यासारखे वाटले होते. मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आले तेव्हाही घरातले बाहेर का सांगावे, असे विचारणारे होतेच. 'घरातले' या शब्दाला आपण फार मोठे कुलूप लावून ठेवतो. ते कुलूप लावायचा अधिकार कुणाला आहे हे मात्र विचारत नाही. किल्ली नेहमी मारणाऱ्याच्या खिशात असते.

बाजींच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र आम्हांला मान्य आहे. लिहिणाऱ्यावरही मर्यादा आहे. जेवढे सांगण्यावाचून गत्यंतर नाही तेवढे सांगावे, सूड म्हणून सांगू नये आणि ज्याच्याविषयी सांगतो त्याच्यातले चांगले लपवू नये. या पुस्तकात आईवडिलांची आणि काही भावंडांची नावे बदललेली आहेत. बापाची माया, त्याचे कष्ट, डोंगराचे सौंदर्य, आईच्या हातातले कौशल्य हेही त्यात आहे. ज्या वाचकाला त्यात फक्त बापाची निंदा दिसली, त्याने पुस्तक अर्धेच वाचले असे म्हणावे लागेल.

तिसरी प्रतिक्रिया त्या तरुण सहकाऱ्याची. 'त्यांच्यातही असे आहेत.' हे कुटुंब मॉर्मन पंथाचे होते. पुष्कळ वाचकांनी पुस्तक वाचून त्या पंथाविषयीच मत बनवले. लेखिकेने तर आरंभीच्या टिपणात स्पष्ट केले आहे की ही कोणत्याही धर्माची कहाणी नाही. तिच्यात श्रद्धाळू आहेत आणि अश्रद्धही, भली माणसे आहेत आणि वाईटही. ज्या विद्यापीठाने त्यांना दार उघडले ते मॉर्मन चर्चचेच होते. पैशांअभावी शिक्षण सुटायची वेळ आली तेव्हा सरकारी मदतीसाठी अर्ज करायला ज्याने त्यांचे मन वळवले, तोही त्याच चर्चचा पदाधिकारी होता.

वाचकहो, ही वेदना आपल्याइतकी कुणाला कळावी? आपल्यातल्या एखाद्या बाईने आपल्या नवऱ्याचा किंवा बापाचा जाच लिहिला की बाहेरचा वाचक ते पुस्तक आपल्या सगळ्यांविषयीचा दाखला म्हणून खिशात ठेवतो. मग आपण चिडतो आणि चिडून त्या बाईलाच गप्प करतो. तिच्यावर दोनदा अन्याय होतो, एकदा घरात आणि एकदा आपल्या प्रतिष्ठेपायी. आपल्याशी जे होऊ नये असे वाटते, ते आपणही आयडाहोतल्या मॉर्मनांशी करता कामा नये.

या ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या बापाची भीती पूर्णपणे हवेतून आलेली नव्हती. ऑगस्ट १९९२ मध्ये आयडाहोतच रूबी रिज येथे वीव्हर नावाच्या कुटुंबाच्या घराला सरकारी सशस्त्र माणसांनी वेढा घातला होता. अकरा दिवस तो चालला. त्यात वीव्हर यांची पत्नी, चौदा वर्षांचा मुलगा आणि एक सरकारी मार्शल असे तिघे मारले गेले. ही हकीकत टारा यांच्या घरात अशा रीतीने सांगितली गेली की आता पाळी आपली, असे त्या लेकराला वर्षानुवर्षे वाटत राहिले. मुलांना शाळेत घालत नाहीत म्हणून त्या कुटुंबावर हल्ला झाला, अशी त्यांची समजूत होती. प्रकरण बेकायदा शस्त्रांच्या खटल्यातून उद्भवले होते आणि त्यामागे वंशद्वेषी गटाचा संबंध होता, हे त्यांना विद्यापीठात गेल्यावर कळले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबईत काय झाले हे आपल्या घरांत कुणाला सांगायला नको. दोन्ही घटना सारख्या नाहीत. पण भीती घरात शिरल्यावर काय करते, यात साम्य आहे. मोहल्ले आक्रसले. दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुली जवळच्या शाळेत आल्या आणि जवळच्या शाळेतल्या घरी बसल्या, हे आमच्या पिढीने आपापल्या खाला-फुफींच्या तोंडून ऐकले आहे. ती भीती खरी होती, आणि ज्यांनी ती निर्माण केली त्यांचा गुन्हा त्यामुळे कमी होत नाही. पण बाहेरच्या जुलमापासून वाचवण्यासाठी बंद केलेल्या दारामागे आतला जुलूम सुरक्षित राहतो, हेही तितकेच खरे आहे. भीतीने बापाचे वागणे समजते. त्याचा मार लेकरासाठी हलका होत नाही.

आता चौथी प्रतिक्रिया, टाळ्यांची. ही सर्वांत प्रेमळ आहे आणि म्हणूनच तिच्यातली खोट सहज दिसत नाही. पोरगी हिमतीची, केंब्रिजला पोहोचली! या कौतुकात एक हिशोब लपलेला असतो. दुःख सोसले, पदवी मिळाली, खाते बंद. पुस्तकातच नोंद आहे की सात भावंडांपैकी तिघे डॉक्टरेटपर्यंत गेले आणि उरलेल्या चौघांजवळ शालान्त शिक्षणाचेही प्रमाणपत्र नाही. एकाच छताखाली वाढलेली सात मुले. तिघांच्या यशाचे आपण कौतुक करतो तेव्हा उरलेल्या चौघांना काय म्हणतो? त्यांची हिंमत कमी पडली?

शिक्षकांना ही सवय फार. दहावीच्या निकालात एक मुलगी नव्वद टक्क्यांच्या वर गेली की आम्ही फलकावर तिचे नाव लिहितो, वर्तमानपत्राला फोटो देतो, 'परिस्थितीवर मात' असे शीर्षक सुचवतो. त्याच वर्गातून आठवीत, नववीत ज्या गळल्या त्यांच्या नावाचा फलक नसतो. शिवाय अशा कौतुकाने जुलमालाच गुण मिळतात. कठीण बालपणातूनच माणूस घडतो, असे म्हणणारे बाप आम्ही पालकसभेत पाहतो. टारा वेस्टओव्हर घडल्या त्या मारामुळे नव्हे. एका भावाने शिकायला सांगितले, एका पदाधिकाऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले, काही प्राध्यापकांनी पाठीवर हात ठेवला, म्हणून घडल्या. त्या सात वर्षांच्या असताना डोंगराखाली राहणाऱ्या आजीनेही त्यांना आपल्याबरोबर ॲरिझोनाला नेऊन शाळेत घालण्याची तयारी दाखवली होती. त्या वेळी त्या गेल्या नाहीत, पण कुणीतरी विचारले होते ही आठवण पुस्तकात राहिली.

इथपर्यंत आम्ही दुसऱ्यांच्या प्रतिक्रियांविषयी बोललो. आता स्वतःची सांगतो. खरे तर तीच सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या सहामाही परीक्षेत मजमूनाचा विषय होता 'मेरा घर'. या विषयावर मुले काय लिहितात ते ठरलेले असते. घर छोटे आहे पण स्वच्छ आहे, अंगणात कडुनिंब आहे, आम्ही सारे मिळूनमिसळून राहतो. एका मुलीने तसे लिहिले नव्हते. तिने लिहिले होते की घराच्या मागच्या खोलीची कडी बाहेरून आहे. भाईजान कामावरून येतात तेव्हा तिला पावलांवरून कळते की आज कसे आले आहेत. तशा दिवशी ती धाकट्या बहिणीला रजईखाली झोपवते आणि स्वतः पुढे बसते. अम्मी म्हणते की कुणाला सांगू नकोस, नाहीतर अब्बा शाळेतून काढतील. शेवटी तिने लिहिले होते की तिच्या घरात जुल्म आहे.

'जुल्म' हा शब्द 'ज़ोय' या अक्षराने लिहितात. तिने तो 'ज़े'ने लिहिला होता. आम्ही त्याभोवती लाल शाईने गोल केला, वर शुद्ध रूप लिहिले, दहापैकी सहा गुण दिले आणि खाली शेरा मारला की अक्षर चांगले आहे, इमल्याकडे लक्ष द्यावे.

हे आम्ही वाचले नव्हते असे नाही. वाचले होते. चौपन्न उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, रात्र झाली होती, ही कारणे आहेत, पण खरी नव्हेत. खरे कारण असे की त्या क्षणी आमच्या मनात स्टाफरूममधल्या चारही प्रतिक्रिया एकामागून एक येऊन गेल्या होत्या. मुले वाढवून लिहितात. घरची गोष्ट आहे, आपण का पडावे? ते घराणेच तसले. पोरगी हुशार आहे, निघेल यातून. पुढे एकदा तिच्या कपाळावर खूण दिसली तेव्हा विचारले. ती म्हणाली, "कुच नै टीचर, सीढ़ी पे से गिरी." आम्ही ते लगेच मानले. मानणे सोयीचे होते. नववीला ती आली नाही. तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेले. कारणाच्या रकान्यात 'पालकांच्या इच्छेनुसार' असे लिहिले गेले. नंतर ते कुटुंब दुसऱ्या शहरी गेल्याचे ऐकले.

आम्ही तेव्हा काय करू शकलो असतो, हे विचारणे सोपे आहे आणि उत्तर देणे सोपे नाही. आमच्यासारख्या शाळेत एका घराशी वाकडे आले तर त्या गल्लीतल्या दहा मुली घरी बसू शकतात. पटसंख्या, मोहल्ला, कमिटी, सगळ्यांचे भान ठेवावे लागते. हे भान म्हणजे निव्वळ भित्रेपणा नव्हे. त्याच्यामागे इतर मुलींची काळजीही असते. पण गप्प बसणे आणि बोभाटा करणे यांच्या मध्ये पुष्कळ मोठी जागा आहे. मुलीला मधल्या सुटीत जवळ बसवून 'तू लिहिलेले मी वाचले' एवढे म्हणता आले असते. तिच्या आईला वेगळे बोलावता आले असते. हेडमास्तर साहेबांना सांगता आले असते. शाळेच्या भिंतीवर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक रंगवलेला आहे. रोज त्याखालून आम्ही येतो-जातो. तो फिरवता आला असता. यांतले एकही केले नाही. तिने साक्ष दिली होती आणि तिची पहिली वाचक आम्ही होतो.

म्हणूनच आज 'एज्युकेटेड'सारखे पुस्तक वाचून कुणी भारावून गेले की आम्हांला आनंदापेक्षा अस्वस्थता जास्त वाटते. तीस वर्षांनी, परक्या देशात, उत्तम इंग्रजीत छापून आलेल्या साक्षीवर रडणे कठीण नाही. कठीण असते ती अशुद्ध इमल्यात, शिळ्या वहीवर, आपल्याच गल्लीतून आलेली साक्ष वाचणे. तिथे वाचक तटस्थ राहूच शकत नाही, कारण त्याला त्या घराचे दार माहीत असते. आत्मकथनाच्या वाचकाचे कर्तव्य पुस्तक मिटल्यावर सुरू होते असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. लेखिका बचावली. तिला आपल्या अश्रूंची आता तितकीशी गरज नाही. ज्याची कहाणी अजून चालू आहे, त्याला मात्र कुणीतरी वाचणारा हवा आहे.

तेव्हापासून आम्ही एक लहानसा नेम केला आहे. मजमून तपासताना पहिले वाचन पेन हातात न घेता करायचे. त्यामुळे वेळ दुप्पट लागतो आणि सहकारी हसतात. या नेमामुळे गेल्या काही वर्षांत दोन मुलांशी बोलणे झाले. एकाची बाब किरकोळ निघाली, लेकराने खरोखरच वाढवून लिहिले होते. दुसऱ्याची निघाली नाही. पहिल्या वेळी फुकट गेलेल्या श्रमाचे आम्हांला वाईट वाटत नाही. दुसऱ्याविषयी इथे लिहिणार नाही. ती त्याची गोष्ट आहे. सांगावीशी वाटली तर मोठा होऊन तोच सांगेल.

आज ना उद्या आपल्यातली एखादी मुलगी असे पुस्तक लिहील, मराठीत किंवा उर्दूत, कदाचित अशाच एखाद्या वार्षिकात तिचे पहिले प्रकरण छापून येईल. त्या दिवशी कुणी बदनामी म्हणेल, कुणी पुरावा मागेल, कुणी 'बघा यांच्यात असेच असते' म्हणून हसेल, कुणी हारतुरे घेऊन धावेल. आपण त्या गर्दीत जरूर असावे, पण आधी तिच्या लेखात आपले नाव कुठे आहे का ते शोधावे. शेजारी म्हणून, फुफी म्हणून, मोहल्ल्यातला बुजुर्ग म्हणून, किंवा आठवीच्या वर्गातला शिक्षक म्हणून. आम्ही तर शोधणारच आहोत.